पाल कुठे गेली? हिवाळ्यातले प्राणी आणि लहान मुलं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची बालवाडी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात आहे. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात आणि मुलं कानटोपी घालून येतात. दिवाळीची सुट्टी संपली की आम्ही दरवर्षी ‘हिवाळ्यात प्राणी काय करतात’ हा विषय घेतो. त्यावर आई-बाबा, आजी-आजोबा आणि दुसऱ्या बालवाड्यांमधल्या ताया जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. तीन ते आठ वर्षांची मुलं डोळ्यांसमोर आहेत.

सुरुवात कशापासून करायची? अस्वलापासून?

पालीपासून करा.

चित्रांच्या पुस्तकात हिवाळा म्हटला की बर्फ, बर्फात गुहा आणि गुहेत झोपलेलं अस्वल असतं. आमच्याकडच्या मुलाने बर्फही पाहिलेला नसतो आणि अस्वलही. पाल मात्र त्याच्या घरातलीच. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती किडे जमतात तेव्हा चार-चार पाली टपून बसलेल्या असतात. नोव्हेंबर सरता सरता भिंत रिकामी होते. मुलांना एवढंच विचारा : ट्यूबजवळची पाल कुठे गेली?

दोन दिवस थांबा. उत्तर सांगू नका. एका वर्षी पाच वर्षांची एक मुलगी आजोबांची बॅटरी घेऊन घरभर हिंडली आणि तिला देवघरातल्या तसबिरीमागे पाल सापडली. एरवी उजेड पडताच सुर्रकन पळणारी पाल जागेवरच होती. थोड्या वेळाने ती अगदी सावकाश, एक पाय उचलून थांबत, दुसरा उचलून थांबत, आत सरकली. दुसऱ्या दिवशी मुलगी सांगत आली, “ताई, आमची पाल म्हातारी झालीय.” थंडीत पालीच्या अंगाचं काय होतं ते तिने स्वतः पाहिलं होतं. आम्ही फक्त पुढचा प्रश्न जोडला : ती एवढी हळू चालते, तर मग खाते काय?

‘खाते काय’ हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का?

कारण मोठी माणसं हिवाळा म्हणजे थंडी असं धरून चालतात आणि मुलांनाही तेच सांगतात : प्राण्यांना थंडी वाजते, म्हणून ते झोपतात, म्हणून ते दूर जातात. माझ्या मते इथेच विषय चुकीच्या रुळावर जातो. बहुतेक प्राण्यांसाठी हिवाळ्याचा मोठा प्रश्न भुकेचा असतो. अंगावर दाट पिसं असलेलं बदक कडाक्याची थंडी काढू शकतं, पण तळं गोठलं की त्याला चोच बुडवायला जागाच उरत नाही. किडे कमी झाले की पालीचं ताट रिकामं होतं. शिवाय अंग ऊबदार ठेवायला जास्त खावं लागतं आणि नेमकं तेव्हाच खायला कमी मिळतं.

म्हणून कोणताही प्राणी घ्या, मुलाला आधी विचारा : थंडीत याला खायला मिळतं का? मिळत असेल तर तो बहुधा इथेच राहतो. मिळत नसेल तर त्याच्यासमोर मोजक्याच वाटा असतात. दुसऱ्या गावाला जायचं, आधी साठवलेलं खायचं किंवा भूकच लागणार नाही असं निपचित पडून राहायचं. चार वर्षांच्या मुलालाही हे पटतं, कारण भूक त्याला नीट कळते.

पाल आणि साप ‘थंड रक्ताचे’ असतात म्हणजे काय? मुलाला कसं सांगू?

‘शीतरक्ती’ हा शब्द आत्ता नको. मुलांना वाटतं त्यांचं रक्त फ्रिजमधल्या पाण्यासारखं असतं. खरी गोष्ट अशी की आपलं शरीर स्वतःची ऊब स्वतः तयार करतं, आणि पाल, सरडा, साप यांना ती बाहेरून घ्यावी लागते. भिंत तापली की पाल तापते, भिंत गार पडली की पालही गार पडते. अंग गार पडलं की पाय हळू चालतात आणि पोटातलं अन्नही हळू जिरतं.

स्वयंपाकघरात याला एक छान जोड आहे. उन्हाळ्यात दही चार-पाच तासांत लागतं, थंडीत रात्रभर ठेवलं तरी दूधच राहतं, म्हणून आजी विरजणाचं भांडं शालीत गुंडाळते किंवा पिठाच्या डब्यात ठेवते. दह्यातले बारीक जीवही गारठले की हळू काम करतात. मुलांना हे भांडं दाखवा, झाकण उघडून बघू द्या.

खोबरेल तेलाची बाटली दाखवायचा मोह आम्हालाही झाला होता. सकाळी तेल गोठलेलं, उन्हात ठेवलं की पातळ. मुलांना गंमत वाटली, पण दोघांनी पक्कं ठरवून टाकलं की पालीच्या पोटातही असाच पांढरा गोळा होतो. तेव्हापासून थंडी कळावी म्हणून बाटली दाखवतो, पालीशी तिचा संबंध जोडत नाही.

थंडीत साप नसतात, मग शेतात खेळायला हरकत नाही ना?

हरकत आहे. आपल्याकडची थंडी सापांना पूर्ण झोपवण्याइतकी कडक नसते. सकाळी ते ऊन खायला बांधावर, दगडावर येतात. घोणस तर याच दिवसांत जोडीदाराच्या शोधात फिरते. मुलांना दगड उलटवायला, पालापाचोळ्यात किंवा लाकडांच्या ढिगात हात घालायला देऊ नका. कुकरच्या शिट्टीसारखा फुस्स आवाज आला की जिथे आहोत तिथेच थांबायचं आणि मोठ्या माणसाला हाक मारायची, हे त्यांना करून दाखवा.

अस्वल हिवाळाभर झोपतं हे मग खरं की खोटं?

कुठलं अस्वल, त्यावर आहे. मेळघाट, ताडोबा, ज्ञानगंगा या आपल्या जंगलांतलं अस्वल झोपत नाही. त्याला वाळवी आणि मुंग्या बाराही महिने मिळतात, थंडीत बोरं पिकतात, पुढे मोहाची फुलं पडतात. ताट भरलेलं असल्यावर झोपायचं कशाला? हां, मादी थंडीत गुहेत जाते, पण ती पिल्लांना जन्म द्यायला. पिल्लं थोडी मोठी झाली की त्यांना पाठीवर बसवून बाहेर पडते. आईच्या पाठीवरचं पिल्लू हे चित्र मुलांना झोपलेल्या अस्वलापेक्षा जास्त आवडतं, आमचा अनुभव आहे.

हिमालयातलं तपकिरी अस्वल मात्र खरोखर झोपी जातं. तिथे बर्फाखाली खायला काही उरत नाही. त्याआधी ते भरपूर खाऊन अंगावर चरबी चढवतं आणि पुढचे महिने तीच पुरवून वापरतं. थंड मुलखातली अस्वलं या काळात खात नाहीत, पीत नाहीत, शी-शू सुद्धा करत नाहीत. ही शेवटची गोष्ट एकदा सांगितलीत की मूल ती घरातल्या प्रत्येकाला सांगेल.

शीतनिद्रा म्हणजे आपल्यासारखीच झोप, फक्त लांब?

नाही, आणि हा फरक सांगायलाच हवा. तो मी एका मुलामुळे शिकले. मी वर्गात “प्राणी हिवाळाभर झोपतात” असं सहज म्हणून गेले. त्या रात्री चार वर्षांचा एक मुलगा झोपायला तयार होईना. आईने खूप विचारल्यावर रडत म्हणाला, “मी झोपलो आणि होळीलाच उठलो तर?” तेव्हापासून मी ‘झोप’ हा शब्द एकटा वापरत नाही. ‘गारठून निपचित पडणं’ म्हणते आणि लगेच सांगते, की हे माणसाला होत नाही, आपण रोज सकाळी उठतोच.

फरक दाखवायला टाळ्यांचा खेळ घ्या. लडाखच्या सहलीला गेलेल्या घरांनी मार्मोट पाहिलेला असतो, रस्त्याकडेला दोन पायांवर उभा राहणारा गुबगुबीत प्राणी. लडाखी लोक त्याला फिया म्हणतात. हिवाळ्यात तो कुटुंबासह खोल बिळात सहा-सात महिने निपचित पडून राहतो. त्याच्या अमेरिकेतल्या भावंडाची, ग्राउंडहॉगची, छाती एरवी मिनिटाला साधारण ८० वेळा धडधडते आणि या अवस्थेत जेमतेम पाचेक वेळा. आधी मुलांकडून भराभर टाळ्या वाजवून घ्या. मग डोळे मिटायला सांगून एक टाळी वाजवा, मनात बारापर्यंत मोजा, मग दुसरी. दोन टाळ्यांमधल्या त्या शांततेत मुलं श्वास रोखून बसतात. एवढ्या हळू चालणाऱ्या शरीराला भूकही किती कमी लागत असेल, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

लडाखला गेलात तर मार्मोटला बिस्किटं देऊ नका. हिवाळ्याची तयारी त्याने तिथल्या गवतावर आणि मुळांवर करायची असते.

आपला बेडूक हिवाळ्यात झोपतो का?

आपल्याकडचा बेडूक थंडीपेक्षा कोरड्याला घाबरतो. त्याची कातडी ओली राहिली नाही तर तो जगत नाही. पाऊस संपून जमीन वाळायला लागली की तो मऊ मातीत खोल शिरतो आणि हिवाळा-उन्हाळा तिथेच काढतो. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला की एका रात्रीत वर येतो. गोठणाऱ्या देशांतला बेडूक हिवाळ्यात झोपतो, आपला मुख्यतः उन्हाळ्यासाठी. म्हणूनच पुस्तकातलं ‘बेडूक थंडीत झोपतो, वसंतात उठतो’ हे वाक्य आपल्या गावात जसंच्या तसं शिकवू नये.

पाहुणे पक्षी कुठून येतात? हा भाग कसा घ्यावा?

मनापासून सांगते, महाराष्ट्रात हिवाळा शिकवायचा तर हाच भाग सगळ्यात मोठा असायला हवा. बर्फाच्या देशांमध्ये हिवाळ्यात पक्षी निघून जातात आणि मुलं रिकामं आकाश बघतात. आपल्याकडे उलटं होतं. पावसाने तळी भरलेली, चिखलात किडे, शेतात दाणे. उत्तरेकडचे पाहुणे आपल्याकडे जेवायला येतात.

पहिला पाहुणा दारातच भेटतो : धोबी. काही जण त्याला परीट म्हणतात. काळा-पांढरा किंवा करडा-पिवळा, चिमणीहून थोडा लांबोडका, आणि शेपटी सतत वर-खाली, जणू कपडे आपटतोय. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शाळेच्या मैदानावर, ओल्या अंगणात, गोठ्याजवळ तो टुकुटुकु धावत किडे टिपतो. हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून आलेला हा पक्षी वजनाला जेमतेम २०-२५ ग्रॅम, एका लिंबाहून हलका. मुलांच्या एका हातात लिंबू द्या आणि दुसऱ्या हाताने हिमालयाच्या दिशेला बोट दाखवायला सांगा. (मोठा कवडा धोबी मात्र इथलाच, वर्षभर राहणारा. चौकस मूल हे हमखास विचारतं.)

मग तारांवर रांगेने बसणाऱ्या माळभिंगऱ्या. द्राक्षबागांवर संध्याकाळी त्यांची गर्दी होते. मग भोरड्या, गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या मैना. ज्वारीच्या शेतावर त्यांचा थवा वळतो तेव्हा आभाळात कुणीतरी चादर झटकल्यासारखं दिसतं.

आमचं भाग्य असं की नांदूर मध्यमेश्वर आमच्याच तालुक्यात आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर बंधारा झाला, गाळ साठला, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांना घर मिळालं. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर, म्हणजे जागतिक महत्त्वाचं, पाणथळ क्षेत्र म्हणून जाहीर झालं. आम्ही जानेवारीत चापडगावच्या बाजूने मुलांना नेतो. मुलांना आकडे आणि देश लक्षात राहत नाहीत, चोची आणि शेपट्या राहतात. थापट्या बदकाची चोच उलथन्यासारखी रुंद, तिच्या कडेला चाळणी असते, पाणी गाळून तो खाणं ठेवून घेतो. तलवार बदकाची शेपटी टोकदार. चमचा नावाच्या पक्ष्याच्या चोचीला खरंच चमचा. आणि काळाभोर वारकरी, कपाळावर पांढरा टिळा लावल्यासारखा. ज्या घरातले आजोबा आषाढीला पंढरपूरला जातात, त्या घरातलं मूल हे नाव जन्मभर विसरत नाही.

चक्रवाकाची जोडी दिसली तर थांबा. नारिंगी अंगाचा हा पक्षी लडाख, तिबेटकडे घर करतो आणि हिवाळ्यात आपल्या नद्यांवर येतो. आपल्या जुन्या कवितेत तो शतकानुशतकं आहे. आजीला त्याची गोष्ट माहीत असेल तर तिलाच सांगू द्या.

उजनी किंवा जायकवाडीच्या बाजूला राहत असाल तर पट्टकादंब शोधा. राखी रंगाचा मोठा कादंब (बदकाच्या कुळातला पक्षी), पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. तो मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो. शास्त्रज्ञांनी यंत्रं बांधून मोजलं, तेव्हा काही पट्टकादंब ७,००० मीटरच्याही वर उडताना नोंदले गेले. कळसूबाई १,६४६ मीटर. चार कळसूबाया एकीवर एक रचल्या तरी तो त्यांच्या वरून जाईल. आमच्या वर्गात मुलं चार ठोकळे रचतात आणि कागदाचा पक्षी त्यांच्या वरून नेतात. तिथे हवा इतकी विरळ असते की माणसाला दोन पावलं चालून दम लागतो, हे सांगताना सगळ्यांनी धापा टाकायच्या असतात.

मुंबई-ठाण्याच्या घरांसाठी ठाण्याची खाडी आहेच. तिथे हिवाळ्यापासून पाऊस येईपर्यंत रोहित (फ्लेमिंगो) उतरतात. चिखलात डोकं उलटं करून खातात, आणि खाण्यातल्या रंगद्रव्यामुळेच त्यांची पिसं गुलाबी होतात.

हा विषय सुरू करायला ठरावीक दिवस आहे का?

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचा. पाहुणे आलेले असतात, थंडी नुकती लागलेली असते. यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

एवढ्या लांबून त्यांना वाट कशी सापडते?

दिवसा सूर्य, रात्री तारे, खाली नद्या आणि डोंगर. शिवाय पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही जाणीव त्यांना असते. कादंब आणि करकोच्यांची पिल्लं पहिल्या प्रवासाला आई-बाबांबरोबर जातात आणि वाट शिकतात. पुष्कळ लहान पक्ष्यांची पिल्लं मात्र कुणी न दाखवता निघतात, ती दिशा त्यांना उपजतच असते. “आई सोबत नसते?” असं विचारताना मुलांचा चेहरा पडतो. थोडा वेळ पडू द्या.

बदकांचे पाय थंड पाण्यात गोठत नाहीत का?

हा प्रश्न मुलं फार विचारतात आणि उत्तर सुंदर आहे. पायाकडे जाणारं ऊबदार रक्त आणि पायाकडून परत येणारं गार रक्त शेजारशेजारच्या नळ्यांतून वाहतं. जाणारं रक्त आपली ऊब परत येणाऱ्याला देऊन टाकतं. त्यामुळे पाय गार राहतात, पण पोट ऊबदारच राहतं. मुलांच्या दोन रांगा समोरासमोरून चालवा. एका रांगेच्या हातात लाल रुमाल, ते जाता जाता समोरच्याला देऊन टाकायचे. शेवटी सगळे रुमाल घरी परत येतात आणि पायाकडे गेलेली रांग रिकाम्या हाताने पोहोचते.

केस आणि पिसं ऊब कशी देतात, हे दाखवता येईल का?

आधी मुलाला विचारा, गोधडी ऊब देते का? सगळे हो म्हणतील. मग एक बाहुली गोधडीत गुंडाळून तासभर ठेवा. उघडून गालाला लावा. बाहुली गारच असते. हा क्षण बघण्यासारखा असतो, मुलं गोधडीकडे रागाने बघतात.

मग स्टीलचे दोन पेले घ्या, दोन्हीत सारखंच कोमट पाणी. एक शालीत गुंडाळा, एक उघडा. अर्ध्या तासाने बोट बुडवून बघू द्या. गोधडी ऊब तयार करत नाही, आत असलेली ऊब बाहेर जाऊ देत नाही. बाहुलीकडे स्वतःची ऊब नव्हतीच. एखादं मूल पुढे जाऊन विचारेल, बर्फ गुंडाळला तर? लगेच करून बघा. गुंडाळलेला बर्फ उघड्यापेक्षा उशिरा वितळतो, कारण आता गोधडी बाहेरची ऊब आत येऊ देत नाही.

हे कळलं की पहाटे तारेवर चेंडूसारखा फुगून बसलेला बुलबुल मुलांना नीट दिसायला लागतो. तो पिसांमध्ये हवा भरून स्वतःचीच गोधडी जाड करतो. सातभाई तर झोपताना फांदीवर एकमेकांना चिकटून रांगेत बसतात, आजोळी सगळी भावंडं एका गोधडीत झोपतात तसे. हिमबिबट्या आपली जाडजूड लांब शेपटी तोंडावर घेऊन झोपतो, तेही इथेच सांगा.

चरबीसाठी हे करा : एका प्लास्टिकच्या पिशवीत वनस्पती तूप भरा, दुसरी पिशवी हातमोज्यासारखी हातात घालून तो हात तुपात बसवा. दुसऱ्या हातात नुसती पिशवी. दोन्ही हात बर्फाच्या पाण्यात. नुसत्या पिशवीचा हात लगेच वर येतो. व्हेल आणि सील थंड समुद्रात कसे राहतात ते हाताला कळतं. संक्रांतीचे तिळगूळ आणि बाजरीच्या भाकरीवरचा लोण्याचा गोळा यांच्याशी जोडायचं असेल तर तेही इथेच जमतं.

किडे आणि फुलपाखरं काय करतात?

वेगवेगळं करतात, आणि पुष्कळशी मरतात. त्यांच्या मागे अंडी किंवा कोष उरतात. मधमाश्या झोपत नाहीत. कडक थंडीच्या देशांत त्या पोळ्यात एकमेकींना चिकटून गोळा करतात, अंग थरथरवून ऊब तयार करतात आणि साठवलेला मध खातात. मध हा त्यांचा हिवाळ्याचा डबा आहे.

पावसाळा संपताना मैदानावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात, ते मुलांना दाखवाच. यातली एक जात वाऱ्यावर स्वार होऊन मालदीवमार्गे थेट आफ्रिकेपर्यंत समुद्र ओलांडते, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. बोटाएवढा किडा.

सांजवेळी जमिनीलगत उडणारं एक तपकिरी फुलपाखरूही बघा. पावसाळ्यात जन्मलेल्याच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके असतात. कोरड्या दिवसांत जन्मलेल्याचे ठिपके जवळजवळ नाहीसे होतात आणि ते हुबेहूब वाळकं पान दिसतं. भोवती पाचोळाच पाचोळा असताना तेच कामाचं.

खार आणि शेकरू दाणे साठवतात का?

अंगणातली खार आणि भीमाशंकरचं शेकरू दोघंही हिवाळाभर जागेच असतात, कारण झाडांवर काही ना काही मिळतं. जमिनीत फळं पुरून ठेवणारी खार ओकच्या जंगलांतली. तिने पुरलेलं काही राहून जातं आणि तिथे झाड उगवतं.

आम्ही परदेशात राहतो, बाहेर खरोखर बर्फ आहे. आम्ही काय दाखवावं?

तुमच्याकडे दाखवण्यासारखं पुष्कळ आहे. बर्फावरचे ठसे हा सगळ्यात सोपा धडा : कोण गेलं, कुठून कुठे, कशासाठी. अमेरिका-कॅनडात असाल तर खिडकीबाहेर दाणे टांगा आणि चिकडी बघा. एवढासा पक्षी शेकडो जागी बिया लपवतो आणि त्या जागा लक्षात ठेवतो, रात्री अंगाची ऊब कमी करून ऊर्जा वाचवतो. तिथल्या रानातला वुड फ्रॉग नावाचा बेडूक तर खरोखर गोठतो. शरीरातल्या निम्म्याहून अधिक पाण्याचा बर्फ होतो, हृदय थांबतं आणि वसंतात बर्फ वितळला की तो पुन्हा उड्या मारतो. रक्तातली साखर त्याच्या पेशी सांभाळते.

आणि रविवारी आजी-आजोबांना फोन लावाल तेव्हा दोन्हीकडून विचारा, आज कोण दिसलं? लंडनच्या मुलाला उन्हाळ्यात दिसणारी माळभिंगरी सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेकडे जाते. त्याच जातीच्या, पण आशियातल्या माळभिंगऱ्या त्याच सुमारास नाशिकच्या तारांवर येऊन बसतात. दोन घरं एकाच पक्ष्याबद्दल बोलू शकतात.

“ते मरतात का?” असं मुलाने विचारलं तर?

हो म्हणावं. सगळे पक्षी परत पोहोचत नाहीत, सगळ्यांना पुरेसं खायला मिळत नाही. मुलं हे ऐकू शकतात. खोटं सांगितलेलं त्यांना उशिरा का होईना कळतं आणि मग पट्टकादंबाची गोष्टही त्यांना खोटी वाटायला लागते. सांगताना मांडीवर घ्या, एवढंच.

आपण प्राण्यांना कशी मदत करावी?

तीन गोष्टी मुलं स्वतः करू शकतात. शेकोटी पेटवण्याआधी लाकडं-पाचोळ्याचा ढीग मोठ्यांनी काठीने हलवावा आणि मुलांनी लांबून ‘उठा, उठा’ ओरडावं. ऊब शोधत कुणी ना कुणी आत आलेलं असतं. अंगणाचा एक कोपरा न झाडता ठेवावा, त्यात कोष आणि किडे राहतात, आणि किड्यांवर धोबी जगतो. आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला, गोठ्यातल्या वासराला जुनं गोणपाट द्यावं. तळ्यावरच्या बदकांना पाव, शेव टाकू नका, त्यांचं जेवण तिथेच आहे.

चौथी गोष्ट मोठ्यांची आहे, आणि ती मला पोटतिडकीने सांगायची आहे. आमच्या जिल्ह्यात येवल्याची पतंगबाजी प्रसिद्ध, संक्रांतीला आभाळ पतंगांनी भरतं. नेमके तेव्हाच आभाळात सगळे पाहुणे असतात. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो मिळतो. एका संक्रांतीनंतर आमच्या कुंपणाच्या जांभळीत बगळा लटकलेला सापडला. मांजा पंखाच्या सांध्यात हाडापर्यंत रुतला होता. मुलांनी तो पाहिला. त्या वर्षापासून आमची मुलं साध्या सुती दोऱ्याने पतंग उडवतात आणि संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तायांबरोबर झाडांखालचा मांजा गोळा करतात. हिमालय ओलांडून आलेला पक्षी आपल्या गच्चीवरच्या दोऱ्याने मरू नये.

दुर्बीण हवी का? नावं पाठ करून घ्यावीत का?

दुर्बीण सहा-सात वर्षांनंतर. त्याआधी मुलाला त्यातून काहीच दिसत नाही आणि ते कंटाळतं. नावं पाठ करून घेऊ नका. आधी मुलालाच नाव ठेवू द्या. ‘शेपटी हलव्या’ म्हणणारं मूल धोबी हे नाव स्वतःहून विचारतं.

हा विषय किती दिवस चालवायचा?

आम्ही भिंतीवर एक मोठं कॅलेंडर लावतो. पहिला धोबी दिसला त्या दिवशी चित्र, पाल नाहीशी झाली त्या दिवशी चित्र. फेब्रुवारी-मार्चमध्ये बदकं कमी व्हायला लागतात, तेही मुलं मोजतात. होळीच्या आसपास एका संध्याकाळी ट्यूबजवळ पाल पुन्हा दिसते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात एकच गलका होतो : “आमची आली!” “आमची पण!” मग एप्रिल, मे, कॅलेंडरवर फारसं काही नाही. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडेल त्या रात्री मूल झोपलेलं असलं तरी उठवा, कडेवर घेऊन दारात उभे राहा आणि डराव डराव आवाज कोणत्या बाजूने येतोय ते त्यालाच दाखवायला सांगा.